री, रहाट आणि अडकलेली पिन

एखादा माणूस तेच ते बोलायला लागला की आपण म्हणतो, ‘याची पिन अडकली.’ ग्रामोफोन बहुतेक घरांतून जाऊन दोन पिढ्या लोटल्या. हे म्हणणाऱ्या अनेकांनी ती पिन कधी पाहिलेलीही नाही, पण बोलण्यात ती टिकून आहे. पुनरुक्तीसाठी मराठीत शब्दांची वाण नाही आणि त्यांतले बरेचसे वैतागातून आलेले आहेत. पालुपद, गुऱ्हाळ, चऱ्हाट, घाण्याचा बैल. त्यातल्या त्यात सौम्य म्हणजे ‘री ओढणे’. भजनात बुवांनी चरण म्हटला की मागचे टाळकरी तो उचलून लांबवतात, ती री. व्यवहारात मात्र तिलाही होयबांचा वास लागला आहे.

ज्या यंत्राच्या ओळखीसाठी हे पुस्तक लिहिले, ते मुद्दाम पिन अडकवते आणि मुद्दाम री ओढते. मॉड्युलर सिंथेसायझरमध्ये बसणारा लूप सॅम्पलर आणि त्याच्या शेजारचा इको, असे ते जोडपे आहे. मॉड्युलर म्हणजे काय, ते आधी थोडक्यात सांगतो. एक रिकामी चौकट घ्यायची आणि ऐपतीप्रमाणे तिचे खण भरत जायचे. एका खणात स्वर काढणारा ऑसिलेटर, दुसऱ्यात तो गाळणारा फिल्टर, तिसऱ्यात नुसती लय देणारे क्लॉक. पेटीसारख्या पट्ट्या असतीलच असे नाही. खणांना एकमेकांशी जोडणाऱ्या आखूड वायरी आपल्या हाताने खोचायच्या. त्या जोडणीला ‘पॅच’ म्हणतात. इथे आवाज म्हणजे व्होल्टेज आणि आवाजाला हुकूम सोडणाराही व्होल्टेजच. त्यामुळे कोणी कोणावर हुकमत गाजवायची हे कारखान्यात ठरत नाही, वाजवणारा ठरवतो. लूप सॅम्पलर बाहेरचा किंवा शेजारच्या खणातला आवाज टिपून ठेवतो आणि तो गोल फिरवत राहतो. इको आलेला आवाज थोड्या वेळाने परत देतो.

‘इको’ हा शब्द आपल्याकडे घराघरांत नेला तो गणपतीच्या मांडवाने. कोपऱ्यात खुर्ची टाकून बसलेला साउंडवाला एक बटण फिरवतो आणि मंडळाच्या अध्यक्षांचे नाव तीन-तीनदा ऐकू येते. अध्यक्षांना ते आवडते, म्हणून बटण जरा पुढे जाते, आणि मग नाव संपतच नाही. एकावर एक चढत त्याचा गोंधळ होतो. साउंडवाला घाईघाईने बटण मागे घेतो. या पुस्तकातला सारा विचार त्या मागेपुढे होणाऱ्या बटणात आहे, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

ते बटण काय करते हे रहाटावरून लवकर समजते. विहिरीवरच्या रहाटाचे गाडगे खाली बुडते, भरते, वर येऊन पन्हाळीत ओतते आणि रिकामे होऊन परत खाली जाते. जुन्या टेप-इकोत चुंबकीय फितीचे कडे असेच फिरते. एक हेड फितीवर आवाज भरते, पुढचे हेड तो वाचून बाहेर देते, आणि फेरा पुरा होता होता तिसरे हेड फीत पुसून कोरी करते. भरणारे आणि वाचणारे यांच्यात जितके अंतर, तितका विलंब. फीत सेकंदाला १९ सेंटिमीटर धावत असेल आणि दोन हेडमध्ये १९ सेंटिमीटर असतील, तर आवाज एका सेकंदाने परत येणार. आता पन्हाळीतले थोडे पाणी पुन्हा विहिरीत सोडायचे, म्हणजे बाहेर आलेला आवाज पुन्हा भरणाऱ्या हेडकडे वळवायचा. हा फीडबॅक. निम्मा आवाज परत पाठवला तर प्रत्येक फेरीत तो अर्धा होतो आणि दहाव्या फेरीला हजारावा हिस्सा उरतो, म्हणजे कानापुरता संपतो. सगळाच्या सगळा परत पाठवला तर तो फिरतच राहतो. आणि सगळ्याहून जास्त पाठवला तर अध्यक्षांच्या नावाचे जे झाले ते होते.

याचा अर्थ इको आणि लूप ही दोन यंत्रे नव्हेत. एकाच बटणाची ती दोन टोके आहेत. इको विसरत जातो, लूप विसरत नाही. त्यांच्या मधली जी जागा आहे, जिथे यंत्र किती लक्षात ठेवील आणि किती सोडून देईल हे बोटाच्या टोकावर ठरते, तिथे गेल्या पाऊणशे वर्षांत एक अख्खे संगीत उभे राहिले. प्रस्तुत पुस्तक त्या जागेबद्दल आहे.

सुरुवात अर्थातच अडकलेल्या पिनेपासून होते. पॅरिसमध्ये फ्रेंच रेडिओत काम करणाऱ्या पिएर शेफेरने १९४८ साली तबकडीवरची खाच पुढे सरकू न देता स्वतःतच मिटवून घेतली. सुई एकाच वळशात फिरत राही आणि आगगाडीच्या चाकांचा एक तुकडा अखंड वाजत राही. बॅतिन्योल स्थानकावर टिपलेल्या गाड्यांपासून त्याने एक रचना केली आणि त्याच वर्षी ती रेडिओवरून ऐकवली. ऐकताना त्याला एक गोष्ट जाणवली, जिच्यावर पुढे त्याने आयुष्य घालवले. आवाज पुरेसा फिरला की तो कशाचा आहे हे आपण विसरतो आणि तो कसा आहे हे ऐकू लागतो. गाडी जाते, ठेका उरतो. फीत आल्यावर त्याच्या स्टुडिओत दोन यंत्रे तयार झाली. ‘फोनोजेन’ फितीच्या कड्याचा वेग बदलून तोच आवाज चढ्या-उतऱ्या सुरांत देई; त्याच्या एका प्रकाराला चक्क बारा पट्ट्या होत्या. ‘मॉर्फोफोन’मध्ये एकाच कड्याभोवती अनेक वाचणारी हेड बसवलेली होती, म्हणजे एका रहाटाला अनेक पन्हाळी. ही दोन नावे लक्षात ठेवावीत, पुढे पुन्हा भेटतील.

त्याच सुमारास जर्मनीत कलोनच्या रेडिओ स्टुडिओत वेगळा आग्रह होता. आवाज शून्यातून, विजेतून घडवायचा. रस्त्यावरचा उचलायचा नाही. पॅरिसवाले आणि कलोनवाले यांच्यातला वाद आपल्याकडच्या घराण्यांच्या वादाइतकाच रंगला आणि तसाच निवलाही. कलोनच्याच स्टॉकहाउजेन या संगीतकाराने १९५६ साली एका मुलाचा गाता आवाज आणि विजेचे स्वर एकाच रचनेत आणले, तेव्हाच भिंत पडली होती. लंडनला बीबीसीच्या रेडिओफोनिक वर्कशॉपमध्ये फितींची कडी इतकी लांब होत की ती खोलीबाहेर कॉरिडॉरमधून फिरवावी लागत. १९६६ मध्ये बीटल्सच्या एका गाण्यासाठी स्टुडिओतले तंत्रज्ञ फितींची कडी पेन्सिलींवर ताणून धरून उभे होते. पेन्सिल घालून कॅसेट गुंडाळलेल्या माझ्या पिढीला हे चित्र फारसे परके वाटत नाही.

मला स्वतःला सगळ्यांत जवळचे वाटते ते सॅन फ्रान्सिस्को. तिथल्या टेप म्युझिक सेंटरमध्ये (स्थापना १९६२) मॉर्टन सबॉटनिक आणि रॅमन सेंडर यांनी डॉन बुक्ला या तंत्रज्ञाला सांगितले की आम्हाला फिती कापून कापून कंटाळा आला, वाजवता येईल असे काहीतरी कर. त्यातून बुक्लाचा मॉड्युलर सिंथेसायझर जन्मला, पियानोच्या पट्ट्या जाणूनबुजून टाळलेला. त्याच वेळी अमेरिकेच्या दुसऱ्या किनाऱ्याकडे रॉबर्ट मूग आपला पट्ट्यांचा सिंथेसायझर घडवत होता. पट्ट्या असल्या की हात आपोआप ओळखीच्या सुरांकडे वळतात. नसल्या की आधी ऐकावे लागते. लूप आणि इको यांचे बुक्लाच्या परंपरेशी अधिक जमले ते यामुळेच, असे माझे मत आहे.

याच मंडळींत वावरणाऱ्या स्टीव्ह राइकने १९६५ मध्ये रस्त्यावरच्या एका धर्मोपदेशकाच्या बोलण्याचा तुकडा दोन टेपरेकॉर्डरांवर एकदम फिरवला. यंत्रे स्वस्तातली, वेग किंचित वेगळे. दोन्ही तुकडे हळूहळू एकमेकांपासून सुटत गेले आणि त्या फटीतून नवे ठेके ऐकू येऊ लागले. रचना अशी काही नव्हतीच, सुटत जाणे हीच रचना. टेरी रायलीची गोष्ट याहून मजेची. १९६३ साली तो पॅरिसमध्ये चेट बेकर या ट्रम्पेटवादकाबरोबर एका नाटकाचे संगीत करत होता. त्याला हवा असलेला परिणाम फ्रेंच रेडिओच्या एका तंत्रज्ञाने दोन टेपरेकॉर्डर शेजारी ठेवून साधून दिला. फीत पहिल्यावर भरायची, ताणून दुसऱ्यावर न्यायची, तिथे वाचायची आणि वाचलेले पुन्हा पहिल्यावर पाठवायचे. फितीचा वेग मघाचाच, सेकंदाला १९ सेंटिमीटर, धरून दोन यंत्रांत दीड मीटर अंतर ठेवले तर सुमारे आठ सेकंदांचा विलंब मिळतो. आठ सेकंदांपूर्वीच्या स्वतःबरोबर आता वाजवायचे. रायली पुढे एकट्याने रात्र रात्र असा वाजवत बसे.

हाच रायली १९७० मध्ये पंडित प्राणनाथांचा गंडाबंध शिष्य झाला आणि गुरूच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे १९९६ पर्यंत, त्यांच्यापाशी शिकत राहिला. प्राणनाथ किराणा घराण्याचे, अब्दुल वहीद खाँचे शिष्य. आणि वहीद खाँ हे मिरजेला घर केलेल्या अब्दुल करीम खाँचे भाऊबंद. ज्या मिरजेत पिढ्यान्‌पिढ्या तानपुऱ्याचे भोपळे घडतात, तिथून कॅलिफोर्नियातल्या रायलीच्या यंत्रखोलीपर्यंत अशी एक खरीखुरी वाट आहे. तानपुरा छेडताना चौथ्या तारेवर बोट पडेपर्यंत पहिलीचा झंकार संपलेला नसतो, तो पुढच्या फेरीत मिसळतो. फीडबॅकचे बटण एकाच्या किंचित अलीकडे ठेवल्यावर जे ऐकू येते, ते याच जातीचे असते. पण हे साम्य फार ताणू नये, त्याबद्दल पुढे बोलतो.

जमैकाची राजधानी किंग्स्टन ही या इतिहासातली सगळ्यांत कमी पुस्तकी शाळा. रेडिओ-अँप्लिफायर दुरुस्त करणारा किंग टबी १९७०च्या दशकात तयार गाण्यातले गायन काढून टाके, ढोल आणि बेस उरवी आणि मध्येच गाण्यातला एकच शब्द इकोत फेकून देई. तो शब्द एकटाच दूर जात विरे. तिथल्याच ली पेरीच्या स्टुडिओत रोलँड कंपनीचा ‘स्पेस इको’ (१९७४) हेच काम करी. त्या पेटीत फितीचे लांबलचक कडे एका सपाट खोबणीत सैल, वाट्टेल तसे गुंडाळत फिरते. झाकण उघडून पाहिले तर हे चालते कसे असा प्रश्न पडतो. टबीचे खरे वाद्य होते मिक्सर. मांडवातल्या साउंडवाल्याची जात हीच, फक्त त्याच्यावर अजून कोणी पुस्तक लिहिलेले नाही.

ब्रायन ईनो या संगीतकाराने दोन टेपरेकॉर्डरांचीच योजना इंग्लंडमध्ये नेली, रॉबर्ट फ्रिपच्या गिटारला जोडली, आणि १९७५ च्या तबकडीच्या मागे आपल्या यंत्रांच्या जोडणीचा नकाशाच छापला. स्वरलिपीऐवजी वायरींचा नकाशा! मॉड्युलरवाल्यांना तो आजही पाठ असतो. तिथून पुढची वाट भराभर सांगतो. १९६९ मध्ये फिलिप्स कंपनीच्या प्रयोगशाळेत असे सर्किट निघाले की ज्यात आवाज कपॅसिटरांच्या रांगेतून, आग विझवताना बादल्या हातोहात जाव्यात तसा सरकतो. फितीची गरज संपली. मग संगणकाची स्मृती आली, सॅम्पलर आले, न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्समधल्या डीजेंनी जे लूप दोन तबकड्यांवर हाताने फिरवले होते ते एका पेटीत मावू लागले. २००० नंतर पायाने दाबायचे लूप पेडल गल्लोगल्ली पोहोचले. एकटा गिटारवाला स्वतःचाच वाद्यवृंद उभा करतो, तो त्यावर.

या सुखसोयीत एक गोष्ट हरवली. फीत झिजते. फेरीगणिक वरचे स्वर आधी जातात, खरखर वाढते, कडा बोथट होतात. फितीवरचा लूपसुद्धा थोडा विसरतोच. संगणकातला लूप हजाराव्या फेरीलाही पहिल्यासारखाच. विल्यम बसिन्स्की या संगीतकाराने २००१ मध्ये आपल्या वीस वर्षांपूर्वीच्या फितींची कडी संगणकात उतरवायला घेतली, तर फिरता फिरता त्यांच्यावरचा चुंबकीय थर गळून पडायला लागला. त्याने यंत्र बंद केले नाही. सूर झडत झडत शांततेत जातो, तेच ध्वनिमुद्रण त्याने प्रसिद्ध केले. ते ऐकल्यावर पेडलवरचा निर्दोष लूप मला बराच काळ सहन होत नव्हता.

मॉड्युलरमधले आजचे लूप सॅम्पलर या हरवलेल्या गोष्टीच्या मागे लागलेले आहेत. डीटर डोपफरने १९९०च्या दशकाच्या मध्यावर म्युनिकजवळ ‘युरोरॅक’ची मापे रूढ केली, उंची साधारण तेरा सेंटिमीटर, बारीक जॅक, १२ व्होल्टचा पुरवठा. त्यामुळे देशोदेशीच्या छोट्या कारागिरांचे खण एकाच चौकटीत बसू लागले. अमेरिकेत ॲशव्हिल गावच्या टोनी रोलँडोने आधी ‘फोनोजीन’ आणि २०१७ मध्ये, टॉम अर्ब या ध्वनिप्रोग्रामरच्या साथीने, ‘मॉर्फाजीन’ हा खण काढला. शेफेरची ती दोन यंत्रे इथे एका नावात आली. जेमतेम तीन मिनिटांची ‘रीळ’ त्यात मावते. वेगाचे बटण मधोमध ठेवले की आवाज थांबतो, एका बाजूला सुलटा आणि दुसऱ्या बाजूला उलटा फिरतो. दुसरे एक बटण जुने आणि नवे यांचे प्रमाण ठरवते. तिसरे बटण रीळ बारीक चिरते, इतकी बारीक की वाक्याचे शब्द, शब्दांची अक्षरे आणि अक्षरांची नुसती पूड होते. आवाजाचे असे कण मानावेत ही कल्पना भौतिकशास्त्रज्ञ डेनिस गॅबरने १९४७ मध्ये मांडली होती, झेनाकिस या संगीतकाराने ती फितीवर कात्रीने करून पाहिली. आता ती दोन बोटांत आली. त्याच कारागिरांचा ‘मिमियोफोन’ (२०१९) हा इको मॉर्फाजीनच्या शेजारी बसला की जोडपे पुरे होते. फ्रान्समध्ये एमिली जिएने केलेल्या ‘क्लाउड्स’चा आराखडा तर तिने सगळ्यांसाठी खुलाच ठेवला.

आपल्या देशातला या यंत्राचा इतिहास लहान आहे, पण आहे. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ साली अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडरने मूगचा मॉड्युलर आणून स्टुडिओ उभा केला. त्यामागे गीता साराभाई होत्या. १९४६ मध्ये न्यूयॉर्कला संगीतकार जॉन केजला भारतीय संगीत शिकवणाऱ्या त्या याच. तिथे भारतीय संगीतकारांनी तीनेक वर्षे काम केले, नंतर फिती कपाटात गेल्या. पॉल परगस या ब्रिटिश कलाकाराने त्या बाहेर काढल्या आणि २०२३ मध्ये त्या ऐकायला मिळाल्या. मुंबईत १९८२ साली चित्रपटसंगीतातले वादक चरणजित सिंग यांनी रोलँडच्या यंत्रांवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात फिरवले. ती तबकडी विस्मरणात गेली आणि २०१० मध्ये हॉलंडमधून परत निघाली. आपल्याकडचे फीडबॅकचे बटण बहुधा फार खाली असते.

आता तो राहिलेला मुद्दा, आपल्या संगीताशी असलेल्या साम्याचा. ‘लूप म्हणजे आपले आवर्तनच’ असे वाक्य मी अनेक सभांत ऐकले आहे, उत्साहाच्या भरात एकदा स्वतः म्हटलेही आहे. ते चूक आहे. आवर्तनात परत येते ती सम. समेपर्यंतचा प्रवास दर वेळी वेगळा असतो, आणि तो वेगळा असतो म्हणून समेवर मान हलते. लूपमध्ये प्रवासच परत येतो. आपल्याकडे लूपचे खरे नातेवाईक शोधायचेच तर एकल तबल्याच्या साथीचा लेहरा पाहावा. पेटीवाला तासभर एकच चाल एका आवर्तनात बसवून वाजवतो आणि त्याने जागचे हलायचे नाही, हीच त्याची कमाल. त्याचे काम आता मोबाइलमधले ॲप करते. पेटीवाल्यांना त्याचे दुःख आहे आणि तबलजींनाही असावे.

लूप आणि आवर्तन यांतला हा फरक मला एका जात्याने शिकवला. गावच्या घरी जुने जाते होते, ते फिरवायला लावून मी त्याची घरघर टिपून आणली. एक पुरा फेरा नेमका कापला आणि लूप केला. जाते तत्क्षणी मेले. दळणाऱ्या बाईचा दर फेरा किंचित निराळा असतो. मूठभर दाणे पडले की आवाज जड होतो, मग हलका होत जातो, मध्येच ती खुंटा धरलेला हात बदलते. एकच फेरा पुन:पुन्हा ऐकताना यातले काहीच नव्हते. मग सॅम्पलर आणि इको यांचा क्रम बदलला. आधी इको लूपच्या पुढे जोडला होता, म्हणजे घुमारासुद्धा लूपमध्ये गोठत होता. तो मागे घेतला, लूपमधून निघालेला आवाज इकोतून फिरवून पुन्हा सॅम्पलरच्या तोंडाशी आणला, आणि जुन्या-नव्याचे बटण जुन्याकडे तीन चतुर्थांश ठेवले. आता प्रत्येक फेरीत थोडे पुसले जात होते आणि थोडे नवे साचत होते. जाते जिवंत झाले असे म्हणणार नाही, पण काहीतरी दळू लागले.

पुस्तकाची रीत त्या दुपारी ठरली. यात यंत्राच्या प्रत्येक बटणाची माहितीपुस्तिका नाही; ती कंपन्या फुकट देतात आणि बऱ्या लिहितात. इथे कानाकडून यंत्राकडे जायचे आहे. काय ऐकू यावे हे आधी, मग त्यासाठी वायर कुठून कुठे. खण महाग असतात, परदेशातून मागवले तर सीमाशुल्काने आणखी महाग पडतात, हे ठाऊक असल्यामुळे प्रत्येक जोडणी ‘व्हीसीव्ही रॅक’ या फुकट मिळणाऱ्या संगणकीय चौकटीत करून पाहता येईल अशी मांडली आहे. भाषेबाबत मी सोवळे पाळलेले नाही. पॅच, लूप, क्लॉक, फीडबॅक तसेच ठेवले, कारण हे काम करणारी मराठी मुले तेच म्हणतात; ‘व्होल्टेज’साठी ‘विभवांतर’ लिहून कोणाचे भले होत नाही. उलट घुमारा, ठेका, झंकार, री हे शब्द जिथे नेमके बसले तिथे इंग्रजीला जागा दिली नाही.

आजच हे कशासाठी, असे कोणी विचारील. आज लूप तयार मिळतात. हजारोंनी, सुबक कापलेले, फुकटसुद्धा; विसर्जनाच्या मिरवणुकीतल्या स्पीकरांच्या भिंतींतून आणि मोबाइलवरच्या अर्ध्या मिनिटाच्या चित्रफितींतून तेच आपल्या अंगावर येत असतात. दिवसभर आपण दुसऱ्याने मिटवलेल्या खाचेत फिरतो. ती खाच स्वतः मिटवून पाहिलेला माणूस मिरवणुकीत कान बंद करून घेणार नाही कदाचित, पण शिवण कुठे आहे ते त्याला ऐकू येईल.

पहिला आवाज कुठला घ्यावा, हे नवशिके नेहमी विचारतात. तानपुरा घेऊ नये. तो कसाही कापला तरी गोड लागतो आणि कानाला काही शिकवत नाही. माणसाचे बोलणे घ्यावे. डायना डॉइच या मानसशास्त्रज्ञ बाईंच्या १९९५ मध्ये लक्षात आले की त्यांनीच ध्वनिमुद्रित केलेल्या भाषणातला काही शब्दांचा तुकडा फिरवत ठेवला तर थोड्या फेऱ्यांनी तो गायल्यासारखा ऐकू येतो, आणि नंतर पूर्ण भाषण लावले तरी नेमका तेवढा भाग गाता होतो. मी आमच्या गल्लीत सकाळी येणाऱ्या भाजीवाल्या मावशींची आरोळी घेतली होती. मेथी, शेपू, कोथिंबीर. पहिले तीन-चार फेरे ती नुसती आरोळीच असते. पाचव्या-सहाव्याला ‘कोथिंबीर’मधला ‘थिं’ वर लागतो आणि ‘बीर’ त्याच्या खाली येऊन टेकते. त्यांना एकदा हेडफोनवर ऐकवले. त्यांनी शेवटपर्यंत ऐकले, हेडफोन काढून दिला आणि म्हणाल्या, ‘‘शेपू कुठं गेला?’’ मी तो कापताना गाळला होता.